बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलेले संशोधन

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांना वैद्यकशास्त्रात नवजात काळ म्हणतात. वयाचे एक वर्ष पूर्ण होण्याआधी दगावणाऱ्या बालकांपैकी बहुसंख्य बालके याच चार आठवड्यांत दगावतात. देशाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे २८ अर्भके वर्षाच्या आत दगावली आणि त्यांपैकी २० नवजात काळातच गेली. हे मृत्यू टाळण्याची जागा रुग्णालय हीच आहे, अशी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगभरच्या बालरोगतज्ज्ञांची धारणा होती. ती धारणा ज्या संशोधनामुळे बदलली ते एखाद्या महानगरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात झाले नाही. ते महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या धानउत्पादक आणि जंगलव्याप्त खेड्यांत झाले. म्हणून ज्यांनी ते केले त्यांच्या कामाचा अनुभव या प्रदेशाच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो.

ब्रह्मपुरी हा चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका वैनगंगेच्या पश्चिमेला आहे आणि नदी ओलांडली की वडसा, आरमोरी हे गडचिरोली जिल्ह्याचे तालुके लागतात. १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होता. जिल्हे वेगळे झाले तरी दोन्ही काठांवरची बोली, धानाची शेती, मोह आणि तेंदूपत्त्यावरचा उन्हाळ्याचा रोजगार आणि झाडीपट्टीची नाटके यांचा धागा तुटला नाही. दवाखान्यांचे गाव म्हणून ब्रह्मपुरीची ओळख आहे आणि नदीपलीकडचे रुग्णही पिढ्यान्‌पिढ्या तिथे येत आले आहेत. मात्र पावसाळ्यात नाले भरले, रस्ते पाण्याखाली गेले की हाकेच्या अंतरावरचा दवाखानाही दूरचा होतो. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव तर वैनगंगेच्या पात्राने चहूबाजूंनी वेढलेले आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्द धरणातून पाणी सोडल्यानंतर आलेल्या पुरात अशा गावांचे काय होते हे सर्वांनी पाहिले. मोठ्या माणसाचा ताप दोन दिवस थांबू शकतो, परंतु तीन दिवसांच्या बाळाचा जंतुसंसर्ग थांबत नाही. सकाळी दूध ओढायचे मंदावलेले बाळ दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत हाती लागत नाही. नवजात बाळाच्या आजारात उपचाराची दुर्मीळता जितकी घातक असते त्याहून बाळ आणि उपचार यांच्यामधले अंतर अधिक घातक ठरते, आणि हे अंतर केवळ किलोमीटरचे नसते; ते वेळेचे, पैशाचे, समजुतीचे आणि भाषेचेही असते, हे या खोऱ्यातल्या कामाचे सार म्हणता येईल.

हे संशोधन ज्यांनी केले त्यांपैकी डॉ. अभय बंग यांची जडणघडण वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात झाली आणि डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या. दोघांनी नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतले, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पूर्ण केले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. आपल्याला जे शिकायचे आहे ते शोधण्यापेक्षा लोकांना जे सतावते त्याचा शोध घ्यायचा, ही त्यांच्या कामाची पहिली अट होती. लोकांच्या सांगण्यावरूनच तिथल्या दवाखान्याला माँ दंतेश्वरी या देवीचे नाव मिळाले आणि त्याची रचनाही मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांच्या वस्तीसारखी झाली. सुरुवातीच्या काळात उपचाराला उशिरा आणलेले एक अर्भक तपासणीच्या टेबलावरच दगावले, तेव्हा त्या एका मृत्यूमागची कारणे मांडता मांडता डॉ. बंग यांची यादी अठरापर्यंत गेली. आईचे कुपोषण, अपुऱ्या वजनाचा जन्म, दूध सुरू करण्यातली दिरंगाई, मांत्रिकाकडे गेलेला वेळ, वाटेतली नदी, वाहनाचा अभाव अशी ती साखळी होती. या यादीतून निघालेला निष्कर्ष मात्र निराशेचा नव्हता. अठराही कारणे दूर होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, साखळीच्या एक-दोन कड्या तोडल्या तरी मूल वाचू शकते, असा तो होता. आणि कोणती कडी आधी तोडायची हे ठरवणे हेच संशोधकाचे काम ठरले.

पहिली कडी न्यूमोनियाची होती. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा जंतुसंसर्ग; त्यात मुलाचा श्वास जलद होतो आणि छाती आत ओढली जाते. १९८८ पासून शंभरावर गावांत झालेल्या प्रयोगात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दायांना हा आजार ओळखून को-ट्रायमॉक्साझोल हे औषध देण्याचे प्रशिक्षण दिले गेले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचार झालेल्या मुलांत न्यूमोनियाने दगावण्याचे प्रमाण ०.८ टक्के राहिले, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. या यशामागे एक लहानसे साधन होते आणि त्याची घडण पाहण्यासारखी आहे. मिनिटाला किती श्वास हे मोजल्याशिवाय निदान होत नाही, परंतु अनेक दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. म्हणून एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि त्याशेजारी तारेत ओवलेले मणी असा श्वासमापक बनवला गेला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद आहे असे समजायचे, एवढाच त्याचा नियम होता. नवजात बाळासाठी आणि मोठ्या मुलासाठी मण्यांच्या ओळी वेगळ्या होत्या, कारण दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण असते, तर मोठ्या मुलात ही मर्यादा कमी असते. निरक्षर दाईला मोजायला शिकवण्याऐवजी तिला जेवढे मोजता येते त्यात निदान बसवणे, ही या साधनामागची दृष्टी होती, आणि पुढच्या सर्व कामात ती कायम राहिली.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले तेव्हा उरलेल्या मृत्यूंचा मोठा वाटा नवजात बाळांचा आहे हे स्पष्ट होत गेले आणि तिथे प्रश्न अधिक अवघड होता. नवजात बाळ आजारी पडते तेव्हा मोठ्या मुलासारखी ठळक लक्षणे दिसत नाहीत. ते दूध कमी ओढते, रडणे क्षीण होते, हातपाय सैल पडतात, अंग थंड लागते, आणि ही लक्षणे ‘बाळ झोपाळू आहे’ अशा समजुतीत सहज विरून जातात. त्यातही ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले, म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ अधिक असुरक्षित असते, कारण त्याच्या कातडीखाली ऊब धरून ठेवणारी चरबी पुरेशी नसते, फुप्फुसे पूर्ण तयार झालेली नसतात, स्तन धरून चोखण्याची आणि गिळण्याची ताकद अपुरी असते आणि रोगप्रतिकाराची आईकडून मिळणारी शिदोरीही अर्धवटच पोचलेली असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे मानले जाते. ते अपुऱ्या दिवसांचे असेलच असे नाही, पूर्ण दिवस भरूनही गर्भात खुंटलेले असू शकते. अशा बाळांना काचेच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, ठेवणे हाच उपाय आहे असे पाठ्यपुस्तके सांगत होती, आणि ज्या गावांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती तिथे या उपदेशाचा अर्थ उपाय नाही असाच होत होता.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या क्षेत्रीय प्रयोगात ३९ गावे हस्तक्षेपाची आणि ४७ गावे तुलनेची अशी ठरवण्यात आली. हस्तक्षेपाची गावे म्हणजे जिथे नवी सेवा द्यायची ती, आणि तुलनेची गावे म्हणजे जिथे प्रचलित सरकारी सेवाच चालू राहणार होती ती. अशी तुलना नसेल तर मृत्युदर सेवेमुळे घटला की काळाच्या ओघात घटला हे सांगता येत नाही. पहिली दोन वर्षे मुख्यतः नोंदीत गेली. प्रत्येक गर्भवती, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवणे हे ऐकायला सोपे वाटते, परंतु जन्मून काही तासांत गेलेले बाळ पुष्कळदा कोणाच्याच हिशेबात येत नाही. त्याचे बारसे झालेले नसते, सरकारदरबारी त्याचा जन्म लागलेला नसतो, आणि घरची माणसेही त्याविषयी बोलणे टाळतात. म्हणून गावात राहणारी व्यक्ती घटना घडताच नोंद करील आणि ठरावीक काळाने घरोघर जाऊन तिची फेरतपासणी होईल, अशी व्यवस्था उभी करावी लागली. नवजात संशोधनात मोजणी ही उपचाराआधीची कोरडी तयारी नसते. न मोजलेले मूल वाचवण्याच्या यादीतच येत नाही.

यानंतर गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांची ‘आरोग्यदूत’ म्हणून निवड झाली आणि १९९५-९६ हे वर्ष निरीक्षणाला दिले गेले. जन्मल्यापासून २८ दिवस ठरलेल्या दिवशी घरी जायचे, बाळाला तपासायचे, लिहून ठेवायचे, गंभीर आजार दिसल्यास रुग्णालयात नेण्याचा सल्ला द्यायचा, असे त्या वर्षाचे काम होते. त्यात ७६३ नवजात बाळांची घरी झालेली निरीक्षणे हाती आली आणि रुग्णालयाच्या आकडेवारीतून कधीच न दिसणारे चित्र समोर आले. ४२ टक्के बाळे कमी वजनाची होती. सुमारे ४८ टक्के बाळांना जिवावर बेतू शकेल असा किमान एक आजार झाला होता. आणि वैद्यकीय मदत मिळालेल्या बाळांचे प्रमाण २.६ टक्के, तर रुग्णालयात दाखल झालेल्यांचे अवघे ०.४ टक्के होते. निम्म्या बाळांना गंभीर आजार आणि हजारात चार बाळांना रुग्णालय, या दोन आकड्यांमधल्या दरीत त्या वर्षी ४० बाळे गेली. त्यांपैकी २१ मृत्यूंचे मुख्य कारण जंतुदोष किंवा न्यूमोनिया, ८ मृत्यूंचे जन्मतः श्वास न लागणे आणि ६ मृत्यूंचे अपुऱ्या दिवसांचा जन्म हे होते. जंतुदोष म्हणजे जंतू रक्तात शिरून साऱ्या शरीरात पसरणे.

या नोंदींच्या पुढच्या विश्लेषणातून जो निष्कर्ष आला तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयीच्या जुन्या हताशपणाला धक्का देणारा होता. बहुतेक मृत्यूंच्या मुळाशी अपुरे दिवस किंवा गर्भातली खुंटलेली वाढ होतीच, परंतु केवळ तेवढ्याने दगावलेली बाळे कमी होती. बाळ लहान आहे आणि त्यात जंतुदोष झाला, किंवा लहान आहे आणि थंड पडले, किंवा लहान आहे आणि दूध ओढता आले नाही, अशा जोडीने आलेल्या आजारांत ते जात होते. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. बाळाचे अपुरे दिवस कोणी भरून देऊ शकत नाही, मात्र त्याची ऊब राखणे, त्याला आईचे दूध वाटी-चमच्याने का होईना पाजणे, श्वास न लागल्यास पिशवी आणि मुखवटा लावून तो सुरू करणे आणि जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे ही कामे घरात, प्रशिक्षित स्त्रीच्या हातून होऊ शकतात.

आरोग्यदूताची एक गृहभेट जवळून पाहिली तर या विज्ञानाचे खरे रूप दिसते. घरात शिरल्यावर ती बाळाला लगेच हात लावत नाही. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुते, ते वाळू देते आणि तोवर बाळंतिणीची विचारपूस करते. मग बाळ शांत असताना, रडू लागण्याआधी, पोटाच्या हालचालीकडे पाहून एक मिनिट श्वास मोजते, आणि तो साठ किंवा अधिक भरला तर पुन्हा मोजते, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच कमी-जास्त होत असतो. काखेत तापमापक लावते, झोळीत घालून काट्यावर वजन करते, नाळेजवळ पू आहे का ते पाहते आणि शेवटी बाळाला अंगावर घ्यायला सांगून ते कसे चोखते हे न्याहाळते. या मुलखात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्याच्या रात्री गारठतात, त्यामुळे थंडीत बाळ थंड पडण्याचे आणि उन्हाळ्यात भोवतालच्या उष्णतेने बाळाचे अंग तापण्याचे प्रमाण वाढते हेही नोंदींत आढळले. तेव्हा एका ऋतूत टोपडे आणि उबदार पिशवी, तर दुसऱ्या ऋतूत कपडे सैल करून वारंवार पाजणे, असा तिचा सल्ला बदलतो. चीक काढून टाकू नये, त्यातच पहिली रोगप्रतिकारशक्ती असते, हे ती आईइतकेच आजीला समजावून सांगते, कारण बाळंतिणीच्या खोलीत निर्णय आजीचा असतो.

सर्वाधिक वाद इंजेक्शनाचा झाला. जंतुदोषावर तोंडाने द्यायच्या को-ट्रायमॉक्साझोलबरोबर जेंटामायसिनचे इंजेक्शन लागते आणि ते डॉक्टर नसलेल्या स्त्रीने नवजात बाळाला द्यावे, या कल्पनेने अनेक तज्ज्ञ अस्वस्थ झाले. त्यांची भीती निराधार नव्हती. चुकीची मात्रा किंवा अस्वच्छ सुई बाळाला अपाय करू शकते. परंतु दुसऱ्या बाजूला उपचाराशिवायचा मृत्यू हाच तिथला प्रचलित पर्याय होता. म्हणून आधी रुग्णालयाचा सल्ला, पालकांनी नकार दिल्यास त्यांची संमती, वजनानुसार ठरलेली मात्रा आणि प्रत्येक इंजेक्शनाची नोंद, अशा चौकटीत तो उपचार बसवला गेला. निदानाचे निकषही पुढे विश्लेषणातून साधे होत गेले. चोखणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय सैल पडणे, उलट्या किंवा पोट फुगणे, अंग थंड लागणे, छाती आत ओढली जाणे आणि नाळेत पू होणे, या सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर जंतुदोष समजावा, असे ते निकष होते. त्यांतल्या बऱ्याच खुणा आईच्या लक्षात सर्वांआधी येतात, हे विशेष.

१९९९ च्या डिसेंबरमध्ये अभय बंग, राणी बंग, संजय बैतुले, हनिमी रेड्डी आणि महेश देशमुख यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तक्षेपाच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला होता आणि तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्क्यांची होती. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. २००३ पर्यंतच्या नोंदींचे विश्लेषण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर आणि कमी वजनाच्या बाळांतले ११.३ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. अपुऱ्या दिवसांच्या तीन बाळांपैकी एक दगावत होते तिथे दहांपैकी एक दगावू लागले, आणि हा पालट काचेच्या पेटीवाचून घडला.

अशा कामाचा अनुभव संशोधकाला काही कठोर गोष्टी शिकवतो. तुलनेच्या गावांतली बाळेही तितकीच मोलाची असतात, आणि पुराव्यासाठी तिथे नवी सेवा न पोचवता थांबणे हा मनावरचा भार असतो. तो भार वाहायचा तर प्रयोग आवश्यक तेवढाच काळ चालावा आणि त्याचे फळ सर्वांपर्यंत पोचावे ही जबाबदारी त्यासोबत येते. दुसरी गोष्ट अशी की प्रशिक्षण एकदा देऊन संपत नाही. आरोग्यदूताने लिहिलेली नोंद पर्यवेक्षक बाळासमोर बसून पडताळतो, तेव्हाच तिचे कौशल्य टिकते आणि आकडा विश्वासार्ह राहतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कमी शिकलेल्या स्त्रीला अवघड काम जमणार नाही ही शंका बहुधा शिकवणाऱ्याच्या भाषेतली उणीव असते. काम तिच्या हाताला बसेल अशा पायऱ्यांत मांडले की ती ते चिकाटीने आणि मायेने करते, कारण ज्या बाळाला ती तपासते ते तिच्याच गावातले असते.

हा अनुभव पुढे गडचिरोलीबाहेर गेला. ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी तो पडताळला गेला. उत्तर प्रदेशातल्या शिवगढ आणि बांगलादेशातल्या सिल्हेट इथे गृहभेटींवर आधारलेल्या स्वतंत्र प्रयोगांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिथेही नवजात मृत्यूंत अनुक्रमे सुमारे ५४ व ३४ टक्के घट आढळली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम स्वीकारला. त्यात दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा आणि घरच्या बाळंतपणानंतर सात भेटी ठरल्या.

आज वैनगंगेच्या दोन्ही काठांवर बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, जिल्ह्याच्या ठिकाणी आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहेत, आणि आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बाळाला ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस आहे. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० मध्ये हजारी ११ वर आला. तरीही घरच्या शुश्रूषेची गरज संपलेली नाही, कारण दीड किलोचे बाळ कक्षातून सुटते ते घरीच जाते. रोवणीच्या दिवसांत बाळंतीण लवकर धानाच्या बांधीत उतरते, वाटेतला नाला भरतो, आणि आशाताईंच्या अंगावर डझनभर कार्यक्रमांची कामे असतात. भेटीचा रकाना भरला म्हणजे बाळ तपासले गेले असे होत नाही. ज्या काळजीने श्वास दोनदा मोजला जाई ती काळजी सरकारी कार्यक्रमात टिकवायची असेल तर आशांना पुरेसे मानधन, चालू स्थितीतला वजनकाटा आणि शिकवणारा पर्यवेक्षक द्यावाच लागेल.

या सगळ्या यशातही एक आकडा सहजासहजी हलला नाही, तो म्हणजे कमी वजनाच्या जन्मांचा. लहान जन्मलेले बाळ कसे जगवायचे याचे उत्तर गडचिरोलीने जगाला दिले, पण बाळ लहान जन्मूच नये याचे उत्तर बाळंतिणीच्या खोलीत मिळणार नाही. ते गर्भवतीच्या ताटात, तिच्या लग्नाच्या वयात, दोन बाळंतपणांमधल्या अंतरात आणि शेवटच्या महिन्यांत मिळणाऱ्या विसाव्यात आहे. पोटात बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून गर्भवतीने कमी खावे, ही समजूत ज्या घरात आजही आहे तिथे पुढच्या संशोधकाला पाळण्याआधी चुलीपाशी बसावे लागेल. नवजात बाळाच्या आरोग्याचे पुढचे संशोधन त्याच्या आईच्या, किंबहुना आई होण्याआधीच्या मुलीच्या, आरोग्यापासून सुरू झाले पाहिजे, आणि ज्या मुलखाने मोजण्याची व शिकवण्याची शिस्त एकदा घालून दिली आहे त्याच मुलखात ते सर्वांआधी होऊ शकते.